खुंटा अजून ओला आहे

ब्रिहिदा,

होडीच्या इंजिनाची पेट्रोलची नळी शोधू नकोस. पेलिकनने पळवली असं लिहिणार होतो, पण तू हसली नसतीस. नळी माझ्या खिशात आहे आणि मी बसने बंदराकडे चाललोय.

काल होडीवर नांगराचा दोर बांधायच्या खुंट्याचे बोल्ट बसवले ना, तिथे घोळ झाला. खालून नट लावायला हात पोचत नाही, म्हणजे सगळी मदार इपॉक्सीवर, दोन डबे मिसळले तरच घट्ट होणाऱ्या त्या गोंदावर. आणि मी ते मिसळताना शेजारच्या लुपेर्सिओला माझ्या त्या माशाची गोष्ट सांगत होतो, ज्याने मला होडीसकट बेटाभोवती ओढलं. तिसऱ्या फेरीच्या नादात एकाच डब्यातलं दोनदा ओतलं. घट्ट करणारा डबा उघडलाच नाही.

रात्री जेवताना तू विचारलंस, "बाबा, धरलं का?" मी म्हणालो, "दगड झालाय, पोरी." बघून आलोच नव्हतो.

सकाळी खुंट्याच्या बुडाशी बोट लावलं तर इपॉक्सी नुसता मध, तसाच पातळ. तू खडकांपाशी नांगर टाकल्यावर एक लाट आली असती, की खुंटा दोरासकट उपटून गेला असता आणि तू खडकावर.

माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस, खुंट्याच्या बुडाशी स्वतः बोट लावून बघ. भोकं पुसायला अॅसिटोन आणतो, मग नव्याने भरू. या खेपेला डबे तू ओत, मी तोंड मिटून बसतो. होडी उद्यापर्यंत वाळूवरच राहू दे. राजमा चुलीवर आहे.

संध्याकाळी हव्या तेवढ्या शिव्या घाल. त्या तुझ्याच तोंडून ऐकायच्यात, म्हणून तर नळी नेली.

— बाबा