छातीवर नाव घातलेले एकशे वीस कव्हरऑल

३ जून, मंगळवार
आणि वर मलाच शिकवतो, अक्का, स्वल्प अपडेट व्हा! चौदा वर्षं यांच्या माणसांना मी अंगभर कपडा घालतेय. हा मोहनकुमार, परचेसच्या खुर्चीत बसून वर्ष झालं नाही, तो मला अपडेट करणार.

यांची कंपनी म्हणजे तेल यांचं नाही, दुसऱ्यांच्या तेलाच्या विहिरी खणून देतात. दर जुलैत एकशे वीस कव्हरऑल. आग न धरणारं निळं कापड, गळ्यापासून पायापर्यंत एकच कपडा, खांद्यावर चमकती पट्टी, छातीवर ज्याचं त्याचं नाव. फोन यायचा, मी कात्री घ्यायची. माझं आणि माझ्याकडे मशीनवर बसणाऱ्या यल्लव्वाचं अर्धं वर्ष त्यावर निघायचं. यंदा म्हणे फोन नाही, पोर्टल, कॉम्प्युटरवरचा अर्ज. वीस तारखेपर्यंत भरा. का, विचारलं, तर सगळं डिजिटल झालंय, विहिरीवर आता माणसं कमी लागतात, देवनहळ्ळीच्या ऑफिसात बसून स्क्रीनवर विहीर खणतात.

मी म्हटलं, तेल जमिनीतून येतं की स्क्रीनमधून?

म्हणाला, अक्का, मीटिंग आहे. म्हणजे माझंच खरं.

ठरवलं. दसऱ्याच्या आत यांचा कॉम्प्युटर बंद पडणार आणि हे येलहंकाला माझ्या दुकानापर्यंत धावत येणार. आपण तयार राहायचं. जुन्या मापवहीवरून सगळे आत्ताच कापायचे. (हेही तिच्याच मागच्या पानांवर लिहितेय. चौथी पास आहे मी. पण माप कधी चुकलं नाही.)

५ जून, गुरुवार
चिकपेटेच्या बाजारातून कापड उचललं. यल्लव्वा म्हणाली, अक्का, आधी ऑर्डर येऊ दे की. म्हटलं, तू मशीन चालव, तोंड नको. तर म्हणते, तोंडाला दोरा लागत नाही, चालू दे.

भरतकामवाला मोकळा होता म्हणून नावं कापडावर आधीच भरून घेतली. कृष्णमूर्ती, आप्पाजी, दयानंद, पुरुषोत्तम, सयाजी. मापं चिठ्ठीवर यायची, एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. पण अंगानं सगळे पाठ. आप्पाजीची मान आखूड. सयाजीची उजवी बाही पाऊण इंच कमी. विहिरीवर हात मोडला, तो नीट बसला नाही. सहा वर्षं ती बाही मी आठवणीनं कमी करते. करील का कॉम्प्युटर?

९ जून, सोमवार
पोर्टल भरायला बसले. पुतणी शिल्पाश्री म्हणाली, काकू, मी भरते, दहा मिनिटं. नको म्हटलं. दहा मिनिटांत केलेल्या कामाला किंमत नसते.

पासवर्ड तीनदा चुकला. माझा नाही, त्याचा.

१४ जून, शनिवार
आज दुकानात एक माणूस. पुरुषोत्तम म्हणे. चौदा वर्षांत पहिला, स्वतःच्या पायांनी आलेला! वही काढली: छाती बेचाळीस, कंबर चौतीस. टेप लावली. कंबर एक्केचाळीस. हे डिजिटल.

म्हणतो, आधी अठ्ठावीस दिवस तिकडे वाळवंटात, मग अठ्ठावीस दिवस घरी. आता रोज देवनहळ्ळी. समोर तीन स्क्रीन, एकेका स्क्रीनवर एकेक विहीर. तीन किलोमीटर खाली दगडात ड्रिल फिरतंय, सेन्सर खालची खबर वर पाठवतो, हा खुर्चीतून सांगतो, डावीकडे घ्या, दाब कमी करा. संध्याकाळी घरी, मुलीचा अभ्यास घेतो. फार बरं चाललंय म्हणाला.

बिचारा. आतून खचलाय. कापडवालीला कळतं.

मी म्हटलं, कव्हरऑलची कंबर सैल करून देते. तर म्हणे, कव्हरऑल नको अक्का, एसीत गोठतो आम्ही, हाफ जॅकेट शिवता का? स्पष्ट सांगितलं, जॅकेट मी शिवत नाही. जॅकेट बसणाऱ्यांचं, मी राबणाऱ्यांचं शिवते.

एका विहिरीवर आता तुमची किती माणसं, विचारलं. आधी चाळीस, आता सहा म्हणाला. बसून बसून मोजणं विसरला असणार.

२० जून, शुक्रवार
शेवटचा दिवस. शिल्पाश्रीनं उघडून दिलं. दहा नाही, बारा मिनिटं लागली. सांगितलं तिला तसं.

आत यांची मागणी: कव्हरऑल अठरा, हाफ जॅकेट तीस. एकशेवीसचे अठरा! टाइप करणाऱ्याची चूक. मी शिल्पाश्रीला म्हटलं, अठरा खोड, एकशे वीस घाल, जॅकेट काढून टाक. ती म्हणाली, काकू, त्यांचा आकडा आपण बदलायचा नसतो. म्हटलं, चूक दिसली की सुधारायची, आमच्या शाळेत असंच होतं.

उपकार मानतील.

२१ जून, शनिवार
नामंजूर. शिल्पाश्री म्हणते, भरल्यावर चार मिनिटांत आलेलं, काल तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. चार मिनिटांत तर माणूस चष्मासुद्धा पुसत नाही. म्हणजे माणसानं वाचलंच नाही. म्हणजे हे नामंजूर धरायचं नाही.

२७ जून, शुक्रवार
बसनं देवनहळ्ळी. मांडीवर शिवून झालेल्या कव्हरऑलचा गठ्ठा. गेटवर गळ्यात पासचा पट्टा घातला, बकरीसारखा.

काचेतून हॉल दाखवला. अंधार, थंडी, भिंतभर स्क्रीन, रंगीत रेघा खाली खाली चाललेल्या. आणि पुढे बसलेले हे, विहिरी खणणारे! एकानं बायकोची शाल घेतलेली, एकाच्या डोक्यावर माकडटोपी. पुरुषोत्तमनं हात हलवला. सगळे रडवेले दिसले. हसत होते, पण वरवर.

मोहनकुमार चहा घ्या म्हणाला. नाही घेतला. म्हणाला, अक्का, पोर्टल पुन्हा उघडून देतो, अठराच भरा, शिवलेले घेऊ. मात्र नावं उसवून द्या. आता छातीवर चौकोनी कोड लागतो, फोन धरला की माणूस कळतो.

मी म्हटलं, नाव वाचता येत असताना फोन कशाला?

मग विचारलं, एकशेवीसातले कुठले अठरा? म्हणाला, कुठलेही. साइजप्रमाणे.

कुठलेही!

३० जून, सोमवार
यल्लव्वा उसवायला बसली. पहिलंच नाव, कृष्णमूर्ती. दोरा निघाला, पण या कापडात सुईची भोकं राहतात. उजेडाला धरलं की नाव तसंच. यल्लव्वा म्हणाली, अक्का, हा जायला तयार नाही. काम थांबवलं. मी दमले नव्हते, कात्री बोथट होती.

३ जुलै, गुरुवार
पुरुषोत्तम पुन्हा आला, शिंकत. त्याचाच कव्हरऑल घेतला, कमरेवर कापला, बाह्या काढल्या, खाली पट्टी लावली. जॅकेट नाही हे. कमी केलेला कव्हरऑल आहे. छातीवर नाव आहे तसं. आरशासमोर फार वेळ उभा राहिला.

वही पुढे करून एकेक नाव विचारलं. दयानंद? ट्रेनिंग घेतलं, शेजारच्या खुर्चीत बसतो, माकडटोपीवाला तोच. आप्पाजी? एअरपोर्टला कॅब चालवतो. कृष्णमूर्ती? खानापूरकडे गावी गेला. सयाजी? म्हणाला, मार्चमध्ये शेवटचा पाहिला. फोन कंपनीचा होता, जाताना तो जमा केला. नंबरच नाही कुणाकडे.

तीन किलोमीटर खालचा दगड दिसतो यांना.

७ जुलै, सोमवार
दयानंदचाही कमी केला. हॉलमधल्या आणखी सात जणांनी मागितलेत. सांगितलं, जॅकेट मिळणार नाही, कमी केलेला कव्हरऑल मिळेल.

अठरा भरले पोर्टलवर. कृष्णमूर्तीसकट अठरा नावं उसवली. यल्लव्वानं नाही, मी. सयाजीचा त्यात घातला नाही. चव्वेचाळीस छातीचा दुसरा दिला. त्या बाहीत दुसऱ्या कुणाचा हात बसणारच नाही.

पोर्टलवर खाली एक चौकोन आहे, प्रश्न विचारा म्हणून. मी म्हटलं, उरलेल्या सगळ्यांचं विचार. शिल्पाश्री म्हणाली, दोनशे अक्षरंच मावतात काकू, एकाचंच विचारा. तिच्या हातून नाही, एका बोटानं मीच टाइप केलं. पाऊण तास लागला. तेच इथं उतरवून ठेवते.

सयाजी. छाती चव्वेचाळीस. उजवी बाही पाऊण इंच कमी. कपडा तयार आहे. हा माणूस कुठे आहे? कोड नको, पत्ता द्या. शुक्रवार, ११ तारीख, संध्याकाळी सहाच्या आत कळवा.