फोन ठेवते म्हणाल्या

बुधवार, १२ नोव्हेंबर

पुन्हा तेच! अपूर्णांकांची बेरीज शिकवत होते आणि मी पडद्यावर गोठले. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. मुलांनी म्हणे फोटो काढून ठेवलाय. मी मात्र इकडे बेंबीच्या देठापासून ओरडत छेद समान करत बसले होते. ऐकायला पलीकडे कुणी नाही, हे पुष्कळ वेळाने कळलं.

तास संपल्यावर शिकवणी कंपनीच्या परीक्षक बाईंचा निरोप. अगदी गोड शब्दांत. "तुमचं शिकवणं छान आहे, पण ते मुलांपर्यंत पोचायला हवं ना." माझी उमेदवारी या महिनाअखेर संपते. त्याआधी त्या स्वतः एका तासाला बसणार. त्या दिवशीही अशीच गोठले की मिळाला नारळ.

लग्नानंतर शाळा सुटली ती सुटलीच. एवढ्या वर्षांनी परत कुणीतरी मला "टीचर" म्हणतंय. हे मी जाऊ देणार नाही. मग त्या नेटच्या मागे हात धुऊन लागावं लागलं तरी चालेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नवरोबांचं निदान — "बंद करून परत चालू कर." हे धरणाच्या दरवाजांवर कामाला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट उघडझाप केली की सुटते असं यांना वाटतं. केलं बंद. केलं चालू. राउटरचे दिवे छान लुकलुकले. वेग होता तिथेच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज छपरावर चढले! या टेकडीवर ना केबल येते, ना मोबाइलला धड रेंज. धरणाची नोकरी म्हणून इथे घर, आणि घर इथे म्हणून छपरावर ती उपग्रहाची तबकडी. सासूबाई तिला परात म्हणतात. आता आम्ही सगळेच म्हणतो.

परात पुसली. पाखरांनी तिचा यथेच्छ वापर केला होता. मागच्या झाडाची एक फांदी पुढे आली होती, ती छाटली. खाली सासूबाई शिडी घट्ट धरून उभ्या. "सांभाळून गं! पडलीस तर तुझे तास कोण घेणार?" मी म्हटलं, आई, आधी हातपाय मोडतील त्याचं बोला. तर म्हणाल्या, "ते येतात जोडता."

खाली येऊन वेग तपासला. काडीचाही फरक नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मेकॅनिक आला एकदाचा. वर जाऊन परातीचा कोन बघितला, वायर खालपासून वरपर्यंत चाचपली, राउटर कपाटामागून काढून उघड्यावर ठेवला. मग खुर्चीत बसून शांतपणे म्हणाला, "परात ठणठणीत आहे, ताई. तुमच्या घरचं खाणं जास्त आहे."

म्हणजे झालंय असं — महिन्याला ठरावीक डेटा पूर्ण वेगाने मिळतो. तो संपला की कंपनी नळ आवळते, आणि मग पुढच्या एक तारखेपर्यंत थेंब थेंब. आमचा डेटा महिना अर्धा व्हायच्या आतच संपतो. कोण कुठल्या यंत्रावर किती वापरतं ते बघायचं एक पान असतं, तेही त्याने माझ्या फोनवर उघडून दिलं.

घरात चोर आहे तर! नवरोबांवर दाट संशय. जुनी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसतात तासन्‌तास.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नवरोबा निर्दोष. काल जेवताना मी त्यांना उगाच घालूनपाडून बोलले. त्यांचा आकडा एवढासा. माझे तासही फार खात नाहीत. सगळा फडशा पाडतो तो सासूबाईंचा टॅब! रोज दुपारी. नेमका माझ्या तासांच्या वेळेला.

पण त्या टॅबवर करतात तरी काय? दुपारी नणंदेशी बोलतात, तेवढंच. नणंदबाई तिकडे दूर, घरीच कपडे शिवून देण्याचं काम करतात. मायलेकींचं बोलणं ते केवढं, पाच-दहा मिनिटांचं. मग "ठेवते गं" असं ऐकू येतं, मी दार लावते, कानात इअरफोन घालते आणि माझा तास सुरू होतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सापडली चोरी! आणि हसून हसून पोट दुखलं.

दोन तासांच्या मध्ये पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. टॅब पिठाच्या डब्याला टेकवून उभा. पडद्यावर शिलाई मशीन आणि त्यावर वाकलेलं नणंदेचं डोकं. इकडे सासूबाई ओट्यापाशी भाजी चिरतायत. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत.

"आई, अजून फोन चालू आहे?"

"नाही गं. मघाशीच ठेवला की."

ठेवला! डब्यापाशी. नीट उभा करून. फोन ठेवते म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नसणार. नणंदेने वर बघितलं, एकदम गडबडली. "अगंबाई, वहिनी! आईने कापला नाही वाटतं." आणि तिनेच घाईघाईने बंद केला.

रात्री नवरोबांना सांगितलं. तेही हसले. सासूबाई मान खाली घालून भात कालवत राहिल्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सासूबाईंना लाल बटण शिकवलं. गुणी विद्यार्थिनी. "हे का? बरं. हे दाबायचं. बरं." माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. आता काळजी नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चालूच होता.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मिठाचा डबा फ्रिजमध्ये सापडला. नवरोबा म्हणतात मी नाही. मग मीठच उकडतंय म्हणून आत जाऊन बसलं असणार.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज जरा वाजलं. वाजलं म्हणजे मीच वाजले.

आजचा तास तर बघवत नव्हता. मुलं तुकड्यातुकड्यांत दिसत होती, कुणाचं डोकं, कुणाचा आवाज. बाहेर येऊन बघते तर पुन्हा मशीन आणि वाकलेलं डोकं. मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, आई, बटण दाखवलंय ना? बोलायचं तर बोला की, नको कोण म्हणतंय? नुसत्या आवाजावर बोला. चेहरा कशाला दिसायला हवा?

"तिला दिसायला हवं," त्या म्हणाल्या.

"आई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो!"

"माहीत आहे मला. म्हणून तर—" आणि थांबल्या. कपडे उचलले आणि घड्या घालायला आतल्या खोलीत गेल्या.

म्हणून तर काय? माहीत असून असं करतात याचंच जास्त वाईट वाटलं. एरवी किती जीव लावतात. मी दमले असेन तर न सांगता डोक्याला तेल घालून देतात. परवा शिडी धरून उभ्या होत्या. आणि या एका गोष्टीत एवढा हट्ट का? लेक ती लेक आणि सून ती सून, असंच असेल शेवटी. हे लिहायला नको होतं. पण आज वाटलं खरं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उद्या दुपारी परीक्षक बाई तासाला बसणार. नवरोबांनी डेटाचं जादा पॅक घेतलंय, लहानसं. माझ्या तासापुरतं पुरेल, पण टॅबने तोंड लावलं नाही तरच.

त्या पानावर प्रत्येक यंत्राचं नेट बंद करायची सोय आहे. सासूबाईंचा टॅब उद्या दुपारपुरता बंद करणार. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काही म्हणाल्या नसत्या, नुसतं "बरं" म्हणाल्या असत्या, आणि मला ते ऐकवलं नसतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

झाले पास!!

काय तास झाला! एकदाही गोठले नाही. मागच्या बाकावरचा तो मुखदुर्बळ मुलगा — बाक कसला, पडद्याचा खालचा कोपरा — त्याने आपणहून उत्तर दिलं. शेवटी परीक्षक बाई स्वतः बोलल्या. "नोकरी पक्की समजा. फक्त नेट असंच ठेवा." मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली. कॅमेरा बंद झाल्यावर.

धावत सासूबाईंना सांगायला गेले. स्वयंपाकघरात धूरच धूर. दुधाचं पातेलं जळून कोळसा झालेलं, आणि त्या मोरीपाशी बसून ते घासतायत. "लक्षच राहिलं नाही गं माझं." मी म्हटलं, जाऊ द्या हो आई, पगार झाला की नवं पातेलं आणू, मोठ्ठं! आणि त्यांना मिठीच मारली. त्यांचे हात गार पडले होते. "पास झालीस ना? झालं तर मग," असं दोनदा म्हणाल्या.

नवरोबा येताना मिठाई घेऊन आले. आनंदाच्या भरात टॅबचं नेट परत सुरू करायचं राहूनच गेलं. उद्या सकाळी आठवणीने.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळीच नणंदेचा फोन, माझ्या फोनवर. "वहिनी, आईचा टॅब कालपासून लागत नाही. घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, मीच बंद केला होता, तासासाठी. ती म्हणाली, "आई गॅस चालू ठेवून विसरते गं. तू दार लावून कानात इअरफोन घालून बसलेली असतेस. म्हणून मी इथून बघत असते. विसरली की हाक मारते."

मला का नाही सांगितलं?

"शपथ घातलीय तिने. म्हणाली, सुनेला कळलं तर ती तास सोडून माझ्यापाशी येऊन बसेल."

टॅब सुरू केला. सासूबाईंना काहीच बोलले नाही. माझं टेबल तेवढं ओढत ओढत स्वयंपाकघरात आणलं, ओट्याशेजारी. त्यांनी विचारलं, हे काय गं? म्हटलं, आई, इथे नेट चांगलं येतं.