साळूबाईच्या छत्रीचा खुलासा

केडगाव, नगर
ता. २१ फेब्रुवारी १९७१

ती. बनुआक्का,

गहिनीनाथाचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकल्यावर सरळ व्हायला वेळ लागतो, तेव्हा या खेपेचा नमस्कार जरा लांबलेला आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? पुणतांब्याच्या घाटाच्या पायऱ्या उतरू नका असं मी दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं, म्हणजे तुम्ही नक्कीच उतरत असणार. सूर्यभानची कारखान्यातली रात्रपाळी सुटली का? म्हैस व्याली का? इकडे मी मजेत आहे. जेवणखाण वेळच्या वेळी होतं, शेजारच्या छबूबाई रोज काही ना काही भाजी पाठवतात, गोरक्ष भिलाईहून महिन्याच्या महिन्याला पत्र टाकतो, आणि एकटं वाटायला मला सवडच मिळत नाही. तेव्हा माझी काळजी करू नये, आणि त्या गुडघ्यानं इकडे येण्याची दगदग तर मुळीच करू नये.

पत्रास कारण असं की लवकरच सूर्यभानच्या हाती नगरचं एखादं साप्ताहिक पडेल (तो पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही) आणि त्यात ‘साळूबाईची छत्री’ असा मोठा मथळा दिसेल. ते वाचून तुमच्या छातीत धडधडायला नको, म्हणून आधीच लिहितो. छत्री म्हणजे पावसातली नव्हे. जुन्या काळी कोणा मोठ्या माणसाच्या समाधीवर चार दगडी खांब आणि वर घुमटी बांधत, तिला छत्री म्हणतात. आणि साळूबाई म्हणजे तुमची धाकटी बहीण. या दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तो मी जोडला. चूक माझीच आहे, पण थोडी निवडणुकीचीही आहे.

तुम्हाला माहीतच आहे, एस.टी. सुरू झाली तेव्हापासून मी नगरच्या स्टँडवर. आधी कंडक्टर, मग चौकशीच्या खिडकीत. जामखेडची किती वाजता, शेवगावची कुठं लागते, पाथर्डीची चुकली आता काय करू, पोराला दूध कुठं मिळेल, जावई घ्यायला आला नाही तर कुठं झोपू, हे सगळं लोक मलाच विचारायचे, आणि ‘माहीत नाही’ हा शब्द मी त्या खिडकीतून कधी बाहेर जाऊ दिला नाही. (गाडी कधी येणार हे पुष्कळदा मलाही ठाऊक नसे. पण ‘एवढ्यात येईल’ म्हटलं की माणूस ट्रंकेवर बसतो, आणि बसलेला माणूस भांडत नाही.) तुमची बहीण माघात गेली आणि मी श्रावणात रिटायर झालो. क्रम उलटा असता तर दोघांनी मिळून काही दिवस घरात काढले असते, पण तसं झालं नाही. घरी बसल्यावर कळलं की आता मला कोणी काही विचारत नाही. दूधवालासुद्धा न विचारता अर्धा शेर घालून जातो.

अशा वेळी काकासाहेब वकील दारात आले. त्यांनी चार हौशी मंडळी जमवून नगरचा इतिहास सप्ताह काढला होता. सकाळी जुन्या जागांची पायी फेरी, दुपारी कार्यशाळा, संध्याकाळी व्याख्यान असा बेत. पुण्याहून प्राध्यापक निसळ आणलेले. सगळं जमलं होतं, फक्त गावात एक भोंगा मिळत नव्हता, कारण भोंगे सगळे निवडणुकीच्या जीपगाड्यांवर चढले होते. मंडळाकडे उरला होता पत्र्याचा एक कर्णा, आणि तो फुंकायला छाती असलेला माणूस म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी विचार करून सांगतो म्हणालो, आणि काकासाहेब फाटकापर्यंत पोचायच्या आत हो म्हणून ओरडलो.

पहिल्या संध्याकाळी व्याख्यानाला मोजकी माणसं आणि बाहेर एक जीप. सर म्हणाले, हा वेढा अखेर कोणी फोडला, तर बाहेरून उत्तर आलं, आपल्या लाडक्या उमेदवारानं. सर जीपपेक्षा मोठ्यानं बोलायला गेले. जीपमध्ये माणसं बदलत होती, इकडे सर एकटे. दुसऱ्या दिवशी उठले तर घसा पार बसलेला; नुसती वाफ बाहेर येई. दुपारी मोडी लिपीची कार्यशाळा त्यांनी शालेय पाटीवर लिहून घेतली. (मोडीत हात उचलायचा नसतो. मीही नाही उचलला, आणि माझी ओळ कागदावरून सतरंजीवर गेली.) मग फेरीसाठी काकासाहेबांनी तोड काढली, ती अशी की सरांनी माझ्या कानात कुजबुजायचं आणि मी कर्ण्यातून सांगायचं.

आक्का, त्या सकाळी मी काय सुखात होतो म्हणून सांगू. सर ‘हा दरवाजा पहा’ म्हणाले की मी ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे’ असं सुरू करायचो. माळीवाड्यापाशी एक कुटुंब बोचक्यांसकट आमच्यात सामील झालं, बरंच अंतर चाललं, आणि मग त्यातल्या म्हाताऱ्यानं गाडी कुठं उभी आहे असं विचारलं. त्याला मी योग्य थांबा सांगितला. पुढं पुढं लोक प्रश्नही मलाच विचारू लागले. सरांचं तोंड माझ्या कानाशी होतं, पण माणसं बघत होती माझ्याकडे.

केडगावच्या अलीकडे ओढ्याच्या काठाला ती छत्री आहे. खांबावर ना अक्षर ना चित्र. शेजारचं शेत दगडाबाईंचं. म्हातारी एकटीच राबते. गर्दी बघून ती खुरपं घेऊनच आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, “इतकी वर्सं मी हितं सावलीला बसून भाकर खाते. कुनाची हाय हो ही?”

सर कानात म्हणाले, नोंद नाही, माहीत नाही. मी कर्णा वर केला. सगळी माणसं थांबली होती. दगडाबाई तर अशी बघत होती, जणू म्हणत होती, शेवटची गाडी गेली की आहे, तेवढं सांगा. आणि मी म्हणालो, “साळूबाईची.”

आपल्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल ते खरं. त्यानंतर संसारभर ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’. तिच्या आजारपणातसुद्धा डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा गोरक्षनं सांगितलं. ते नाव मी मोठ्यानं पहिल्यांदा घेतलं ते पत्र्याच्या कर्ण्यातून, परक्या शंभर माणसांत. ओढ्यापलीकडून ते परत ऐकू आलं. मग मला थांबता आलं नाही. कोण साळूबाई असं कोणी विचारलं, तर मी सांगितलं की तिचा नवरा वाटसरूंना वाट सांगायच्या कामावर होता. तो दिवसभर जगाला वाट सांगायचा, आणि ही त्याचं ताट झाकून बसायची. तो उशिरा यायचा. उशीर का झाला हे तिनं कधी विचारलं नाही, आणि त्यानंही तू जेवलीस का हे विचारलं नाही. निसळ सर दोन्ही हात हलवून मला थांबवत होते, पण आवाज नसल्यामुळे लोकांना वाटलं सर गहिवरले. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. काकासाहेबांनी तर नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी छत्रीत हळदकुंकू. शुक्रवारी साप्ताहिकात मथळा. काकासाहेबांनी लगेच रंगाऱ्याकडून ‘साळूबाईची छत्री’ असा लाकडी फलक करून घेतला आणि समारोप छत्रीपाशीच करायचं जाहीर केलं. मी घरात बसून होतो. (खरं सांगायचं तर मला वाईट वाटत नव्हतं. तिचं नाव छापून आलं होतं.) दिवेलागणीला निसळ सर पाटी घेऊन आले. मी चहा टाकला. त्यांनी लिहिलं, साळूबाई कोण?

मी म्हणालो, “माझी बायको. गेल्या माघात गेली.”

त्यांनी पाटी पुसली. बराच वेळ बाहीनं पुसतच राहिले. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मग त्यांनी लिहिलं, त्या छत्रीत दुसरं कोणीतरी आहे. मी वाचलं. त्याखाली लिहिलं, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही म्हणून त्याची जागा दुसऱ्याला देता येत नाही. उद्या तुम्हीच सांगा. मी म्हणालो, सर, चहा गार होतोय. दोघांनी चहा घेतला. भल्या माणसानं साखर कमी आहे हेही लिहिलं नाही.

काल सकाळी समारोप झाला. फलकावर लाल फडकं, पुढं माणसं, दगडाबाई झेंडूची माळ घेऊन पहिल्या रांगेत. काकासाहेबांनी फडकं अर्धं सरकवलं तेवढ्यात मी उठलो. कर्णा घेतला नाही. म्हणालो की परवा मी जे सांगितलं ते या छत्रीचं नव्हे, ते माझ्या घरचं आहे. ही छत्री कोणाची, हे माहीत नाही. काकासाहेबांनी फडकं पुन्हा वर ओढलं. मागं कोणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले. साप्ताहिकाचे संपादक म्हणाले की खुलासा पुढच्या अंकात छापू (तो बारीक टायपात येतो, सूर्यभानला चष्मा लावून शोधायला सांगा). दगडाबाई मात्र जागची हलली नाही.

“म्हंजी ती बाई खोटी व्हय?” तिनं विचारलं.

“बाई खरी आहे. जागा खोटी.”

“मग तिची जागा कुठं हाय?”

तिच्या अस्थी तुमच्या घाटावर आपणच सोडल्या, आणि पाणी काही एका जागी थांबत नाही. मी तसं म्हणालो. दगडाबाईनं माळ छत्रीच्या पायरीवर ठेवली. म्हणाली, “ज्याची आसंल त्याला. मला काय, बसायचं हितंच हाय.” आणि ती शेतात गेली.

फलक कोणाला नको होता, म्हणून मी घरी आणला. फेकवेना. शेवटी दाराच्या मागं ठोकला, त्यात एक खिळा मारला, आणि तुमच्या बहिणीची ती काळी, मोडक्या दांड्याची छत्री त्याला अडकवली. आता फलकावर लिहिलेलं शब्दशः खरं आहे. निसळ सरांना दाखवलं, तर त्यांनी मान हलवून हरकत नाही अशी खूण केली.

काल दुपारी शेवटची कार्यशाळा होती, ‘आपल्या घराचा इतिहास’. प्रत्येकानं घरच्या एका माणसाविषयी लिहायचं, जन्मापासून. मी पेन्सिल घेतली. लग्नापासून पुढचं भराभर झालं. मग वर पहिली ओळ भरायला गेलो तर तिथं काही नाही. तिला लहानपणी गोवर आला होता का, ती कोणत्या झाडावर चढायची, शाळेत गेली की नाही, कोणाला भ्यायची, काही नाही. ती सांगायची तेव्हा मी बहुतेक बूट काढत असायचो. सगळे उठून गेले तरी मी तसाच बसलेला. निसळ सर शेजारी येऊन बसले. घसा थोडा सुटला होता. खरखरत म्हणाले, “ज्यांना ठाऊक आहे ते हयात आहेत ना? मग बसलात कशाला?” आज सकाळच्या गाडीनं ते पुण्याला गेले. मंडळींनी सतरंज्या झटकल्या, आणि सप्ताह संपला.

असो. तर साप्ताहिकात काही वाचलंत तर घाबरू नका, एवढंच कळवायचं होतं. घरातल्या मोठ्यांना माझा दंडवत सांगा, पोरांच्या पाठीवर माझ्या वाटचा हात फिरवा, आणि पायऱ्या उतरू नका.

तुमचा
गहिनीनाथ

ता. क. वर दगदग करू नये असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. गुडघा दुखत नसेल तर या. दुखत असेल तर मी येतो न्यायला. तिच्या लहानपणचं तुम्हाला जे आठवेल ते सगळं सांगा, भांडणंसुद्धा. मी मध्ये बोलणार नाही.

ता. क. दुसरा. छबूबाई रोज भाजी पाठवतात हे खरं नाही. संक्रांतीला एकदा पाठवली होती. गोरक्षचं पत्रही दसऱ्यानंतर आलेलं नाही. पोरगा कामात असेल. त्याला यातलं काही लिहू नका.

ता. क. तिसरा. येताना डबा बांधून आणू नका. मी पिठलं शिकलो आहे. त्यात गुठळ्या होतात, मीठ कधी फार, कधी मुळीच नाही, आणि मी मुकाट्यानं खातो. तुम्ही मात्र पहिला घास घेऊन जे वाटेल ते तोंडावर सांगा. वर्ष झालं आक्का, या घरात कोणी मला नावं ठेवलेली नाहीत.