काळी चारमधला होकार

आचरा,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनूताई,

आम्ही सगळे ठीक आहोत. हे वाक्य पुढे थोडं दुरुस्त करावं लागेल, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते.

गाण्याच्या स्पर्धेत तुमचे मोबाइल काढून घेतलेत आणि रविवारचा फोन चॅनलच्या माणसांसमोर स्पीकरवर असतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. शेजारचा मितेश शनिवारी प्रेक्षकांत बसायला येईल, तो हे तुझ्या हातात देईल. स्टेजवर वाचायला चॅनलने मागितलेलं पत्र वेगळं. ते आईने लिहिलंय. रडायला पुरेसं आहे.

त्यांची माणसं घराचं शूटिंग करायला आली होती. फ्रिजवर चादर टाकली, पडवीतली ट्यूब बंद केली आणि कंदील लावला. कंदील त्यांनीच मालवणच्या बाजारातून आणला होता. आई म्हणाली, "आमच्याकडे लाइट आसा हो, बिल पण भरलला आसा." ते वाक्य त्यांनी कापलं.

मग तुझ्याबरोबर स्पर्धेत असलेल्या कौस्तुभच्या आजारी आजीची फिल्म दाखवली आणि तो एकदम पहिल्या नंबरावर गेला. त्या दिवशी तो बरा गायला नव्हता. तू गायली होतीस, आणि तू शेवटून दुसरी. गाण्याआधी लोकांना काय दाखवलं, त्यावर गाणं कसं ऐकू येतं ते ठरतं. हे मला पटत नाही, पण आकडे तसंच सांगतात.

गावाचंही ऐक. मागच्या आठवड्यात सगळे देवळात जमले. आधी देवाला गाऱ्हाणं, मग अ‍ॅपवर तुला मतं, असं ठरलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या चेडवाक मुंबैत यश दी रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "आणि त्या टीव्हीवाल्यांची बुद्धी जाग्यार ठेव रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" तुळसाकाकी इतकी हसली की तिच्या हातातला मोबाइल पडला. मग सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. देवळाच्या वायफायवरून. तो राउटर मीच बसवलाय. एकाच जोडणीवरून एका क्षणात एवढी मतं आली, की अ‍ॅपला वाटलं एकच माणूस मशीन लावून फसवतोय. सगळी बाद.

मी समजावलं, की आपापल्या घरी जा, आपापल्या डेटावरून मत द्या. दत्तप्रसादकाका भडकले. "गाराणा काय घराघरात घालतत गो? तुझ्या त्या यंत्राक सांग, आमी एक नाय, अख्खो गाव आसव!"

तुझ्या लक्षात आलं असेल. गाऱ्हाणं दत्तप्रसादकाकांनी घातलं. नेहमीसारखं बाबांनी नाही.

आपल्या पेटीचा भाता फाटला होता ते आठवतं? तू पडवीत बसून रडत होतीस. मी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणून रबराचा तुकडा चिकटवला. बाबांनी काळी चारची पट्टी दाबून बघितली आणि म्हणाले, "एक चेडू गातला, दुसरा वारो धरून ठेयतला." मला ते वाक्य फार आवडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी तू विचारतेस, बाबा खंय? आई सांगते, बाजारात. ताई, दर रविवारी कुणी बाजारात नसतं. दसऱ्याआधी गोव्यात बाबांचं घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागलं. आजार आटोक्यात आहे, रिपोर्ट मी स्वतः वाचलेत. आवाज परत येणार नाही.

शूटिंगच्या दिवशी चॅनलच्या शर्मिलामॅडमनी बाबांच्या गळ्याभोवतीचा मफलर बघितला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वडिलांचं काहीतरी आहे ना? सांगा. शंभर टक्के फायनलला जाईल ती." मी तोंड उघडलं होतं. तू जिंकायला हवी होतीस मला. बाबांनी मागून माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायचे तशी. मग मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "मता तिच्या गळ्याक पडांदेत. माझ्या नको." मी मॅडमना म्हटलं, त्यांना सर्दी झालीये.

शनिवारी तू बाहेर पडलीस, तर त्या सर्दीचा त्यात वाटा असेल. तू दारात पाऊल टाकण्याआधी तुला हे ठाऊक असावं, म्हणून लिहिलं. स्टेजवर काय बोलायचं ते तू ठरव. बाबांचं म्हणणं मी जसंच्या तसं उतरवलंय.

काल पुन्हा मतदान होतं. दत्तप्रसादकाकांनी तोडगा काढला. ते एकटे देवळात राहिले, लाउडस्पीकर लावून. बाकी गाव आपापल्या डेटासह पांगलं. कुणी खाडीच्या पुलावर, कुणी माडांत, कुणी होड्यांपाशी. गाऱ्हाणं सुरू झालं आणि "होय म्हाराजा" चहूकडून येऊ लागलं, मागेपुढे, जिथून तिथून. एकाही मोबाइलवर बाद झाल्याचा मेसेज आला नाही.

मी आणि बाबा पडवीत होतो. पहिल्या "होय म्हाराजा"ला त्यांचे ओठ हलले. मग ते आत गेले, पेटी घेऊन आले, झाकण काढलं. दुसऱ्या होकाराच्या वेळी त्यांनी काळी चार दाबली आणि सगळ्यांचं म्हणून संपेपर्यंत सोडली नाही. तुझा सूर. रबराचा तुकडा अजून घट्ट आहे.

आज सकाळी आई झाकण लावायला गेली. बाबांनी हातानेच नको म्हटलं. शनिवारपर्यंत पेटी उघडीच राहणार आहे, तू जिंकलीस तरी आणि घरी आलीस तरी.

वारा धरून बसलेली,
तुझी रश्मी