पुरण्यापुरतं मीठ

ठाणे, पौष वद्य ५, शके १८०५

मिठागरावरच्या धर्मा मजुराचं तान्हं मूल आज म्युनिसिपालिटीच्या नव्या दफनभूमीत पुरलं. जागेची फी आम्ही मेंबरांनी मागेच माफ केली. पण खड्ड्यात घालायचं मीठ? ते त्याला उसनवारी करून बाजारातून आणावं लागलं.

"मीठ आमीच पिकवतो रावसाहेब, पन मूठभर उचललं तर सरकारचा शिपाई धरतो," म्हणाला. त्याच्या पायांच्या भेगांतसुद्धा मीठ पांढरं दिसत होतं.

उद्याच्या सभेत मांडणारच. दफनभूमीत मिठाचं पोतं कायम हवं, म्युनिसिपालिटीच्या खर्चानं. अध्यक्ष हसतील. हसू देत. मंजूर होईपर्यंत आमच्या घरातलं मीठ जाईल.

हिला सांगितलं, तर म्हणाली, "मग आपण काय अळणी खायचं?"

खायचं.