बसथांब्यावरचे बाबा

४ ऑगस्ट

चि. ठकूस,
आत्याचे अ. उ. आ.

फोन असताना ही बाई शाई कशाला सांडते, म्हणशील. पण फोनवर सांगितलं तर तुझी आई शेजारच्या खोलीतून ऐकेल, म्हणून पत्र.

काल चष्म्याची काडी बसवून आणायला गेले होते. परतताना बसथांब्यावर मान वर केली, तर समोर दादा. दहा फूट रुंद, खिडकीपाशी बसलेला, तोंडभर हसतोय. खाली दातांच्या दवाखान्याचं नाव आणि ‘साठीनंतरही माझे दात माझेच!’ अगं, त्याला जाऊन चार महिने झाले, आणि त्याची कवळी पेल्यातून काढून डबीत मीच ठेवली. माझ्या दोन बस गेल्या. रडू आलं नाही, हसूही नाही.

तीस वर्षं स्टुडिओत निगेटिव्हवर ब्रश फिरवून मी लोकांच्या सुरकुत्या घालवल्या. त्यामुळे हेही दिसलं, की त्याच्या कपाळावरची खोक कुणीतरी पुसली आहे. हात बरा आहे पुसणाऱ्याचा. पण विचारायला नको?

फोटो तूच काढलेला ना? तिकडे गेला कसा? वहिनीला बोलले नाही. ती जेवते, निजते, विचारलं तेवढंच बोलते. तूही सुट्टीला आली नाहीस. आत्याला विसरली नसशील, तर चार ओळी खरड.

तुझी,
आत्या

१० ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो माझाच. पहिल्या वर्षी गृहपाठ होता, खिडकीच्या उजेडात माणूस टिपायचा. तो मी फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांच्या एका साइटवर टाकला, लहान न करता. खाली एक चौकट होती : कुणालाही, कशासाठीही, फुकट वापरू द्यायचा का? मी खूण केली. त्याने जास्त लोक बघतात, असं वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या. बघितलाच लोकांनी. चार हजार जणांनी उतरवून घेतला. बाबांना आकडा सांगितला तर म्हणाले, एवढ्या लोकांना मी नोकरीभरात तोंड दाखवलं नसेल.

नेमका याच आठवड्यात सरांनी तो धडा घेतला. ऑनलाइन टाकायचा फोटो लहान करून टाका, कोपऱ्यात आपलं नाव घाला, साइटच्या अटी शेवटपर्यंत वाचा, आणि ज्याचा चेहरा आहे त्याची लेखी परवानगी घ्या. मी सगळं वहीत उतरवलं, समास सोडून, सुवाच्य. तुझं पत्र तेव्हा पिशवीतच होतं. शेजारच्या मुलीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. खरंच काही होत नव्हतं गं. बाबा गेल्याचा निरोप आला त्या दिवशी आम्ही साबणाच्या वडीचे फोटो काढत होतो. मी उरलेले चार काढले, दिवे बंद केले आणि मगच निघाले. तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. जुनेच फोटो नवे म्हणून देते. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

दवाखान्याला ईमेल टाकली. डॉक्टरांनी सभ्यपणे कळवलं की फोटो जाहिरातवाल्यांनी आणला होता, गृहस्थ वारले हे ठाऊक नव्हतं, माफ करा, सोमवारी फलक उतरवतो. साइटवरूनही मी तो काढला. पण आधी ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडून परत येत नाही, असं सर म्हणाले. बाबा आणखी कुठे कुठे काय विकत बसले असतील, देव जाणे.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. राग आला असेल तर येऊ दे, पण पत्र लिहीत जा.

तुझी,
ठकू

२१ ऑगस्ट

चि. ठकूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आत्या लपवायच्या वस्तू पिठाच्या डब्यात ठेवते, आणि पीठ मी काढते.

तो फलक मी तिच्या आधी पंधरा दिवस पाहिला होता. रोज भाजीच्या निमित्ताने जायचे. घरात भाजी इतकी साठली की आत्याने विचारलं, पाहुणे यायचेत का. तिथे काही करत नव्हते मी. बस यायची, मी चढायची नाही. एका कंडक्टरने विचारलंही, बाई, नक्की जायचंय कुठे.  घरात त्यांचा एकट्याचा असा एकच फोटो, ओळखपत्रावरचा. त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात.

सोमवारी गेले, तर दोन माणसं शिडीवर. मी म्हटलं, हे माझे यजमान आहेत, मला द्या. एक जण हसला. दुसऱ्याने नीट गुंडाळी करून दोरीने बांधून दिली. बसमध्ये मावेना, तेव्हा खांद्यावर टाकून चालत आणली. घरात उलगडायला जागा कुठे? गच्चीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार कुंड्या. एकेक दात बशीएवढा. आत्या हसायला लागली ती थांबेचना. मी तिला पाणी दिलं. मला हसूही आलं नाही, दुसरंही काही नाही.

तुझ्यावर रागावलेले नाही. एकच विचारायचंय. ते असे कुणाला हसले? चौतीस वर्षांच्या संसारात मला असं हसणं आठवत नाही. तू काय म्हणाली होतीस त्यांना? तेवढं लिही. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

२९ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी काहीच म्हणाले नव्हते. मी उजेड मोजत होते. बाबा सारखे हलत होते आणि मी वैतागले होते. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस आणि म्हणालीस, यांचा कसला काढतेस, त्यापेक्षा खिडकीचा काढ, ती तरी एका जागी थांबते. बाबा हसले, ते त्याला. तू पाहिलं नाहीस, कारण आत दूध उतू जात होतं आणि तू कप ठेवून पळालीस.

ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, आई. उजव्या कडेला बघतायत. तिथे तुझं कोपर आणि कप आला होता. साइटवर टाकताना मी तेवढा भाग कापला, फोटो स्वच्छ दिसावा म्हणून.

काल मूळ फोटो छापायला नेला, भिंतीवर मावेल एवढाच. लॅबमधल्या माणसाला तीनदा बजावलं, कड कापू नका. तो म्हणाला, कोपर विचित्र दिसतंय, कुणाचं आहे? मी सांगितलं. सांगता सांगता मी तिथल्याच स्टुलावर बसले. बराच वेळ मोठ्याने रडले असेन, कारण बाकीची गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फोटो वाळेपर्यंत बसू दिलं.

रविवारी फोटो घेऊन येते. माया आहेच, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
ठकू