पंपशेठच्या पाटीवरचा लाल

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली तो खुर्चीत बसूनच घालतो, पण भाव पूर्वीचाच आहे.) तुमची तब्येत बरी असेल, ताई तुम्हाला वेळेवर औषधं देत असेल आणि तुम्ही ती वेळेवर घेत असाल, अशी आशा करतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल मला शंका नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुमची भाचेसूनही ठीक आहे. मधले काही दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलत होती, त्याचं कारण ओघात येईलच.

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण मी त्या तीनदा वाचल्या. ‘माझ्या पाट्यांपैकी गावात एखादी उरली असेल तर तिचा फोटो कागदावर छापून पाठव. मोबाइलवर नको, त्यात सगळंच चकाकतं. लाल बरोबर येत नसेल तर पाठवूच नकोस. चुकीचा लाल मला बघवत नाही.’ मामा, लेकीच्या घरी, ताईकडे राहायला गेल्यापासून दोन वर्षांत तुम्ही पाट्यांचा विषय काढला नव्हता. ताई फोनवर सांगायची की तुम्ही सगळे ब्रश फडक्यात बांधून माळ्यावर टाकलेत आणि कुणी रंगाचं नाव काढलं की वर्तमानपत्र तोंडापुढे धरता. त्यामुळे या कार्डाचा मला किती आनंद झाला ते लिहीत बसत नाही. त्याच संध्याकाळी मी गावभर फिरून आलो. औषधांच्या दुकानावर आता फ्लेक्स आहे, शिंप्याकडे फ्लेक्स आहे, दातांच्या डॉक्टरकडे तर आतून दिवा लागणारा डबा आहे आणि त्यावर एक परदेशी बाई सगळे दात दाखवून हसते. चाळीस-पंचेचाळीस पाट्यांतली एकच शिल्लक आहे, पंपशेठच्या सायकल दुकानाची. (नाव तुम्हीच ठेवलेलं. आता तेसुद्धा फोन उचलून ‘पंपशेठ बोलतोय’ म्हणतात.) आणि त्यांनीही येत्या एक तारखेपासून फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं. फ्लेक्सवाल्याला सांगूनही झालं होतं. म्हणजे माझ्या हातात अठरा दिवस होते.

अठरा दिवस मला भरपूर वाटले, हे आधी कबूल करतो. घरात प्रिंटर होताच. (आवक-जावकचे तक्ते घरी छापता येतील म्हणून घेतला आणि महिन्याभरात ऑफिसनं तक्तेच बंद केले.) फोटो काढायचा, बटण दाबायचं, पाकिटात घालायचं, एवढंच काम. पहिला फोटो मी ऑफिसातून परतताना काढला, तोवर दुकानात ट्यूबलाइट लागली होती. कागदावर तुमचा लाल विटेसारखा उतरला. दुसरा भर उजेडात काढला आणि साध्या कागदावर छापला, तर तो पन्नासदा धुतलेल्या टॉवेलसारखा आला. मग फोटोचा खास गुळगुळीत कागद आणला. त्याला पुढची आणि मागची अशा दोन बाजू असतात हे पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि चष्मा ऑफिसात होता. मागच्या बाजूवर शाई वाळत नाही. ती कोपराला लागते, कोपरावरून पडद्याला लागते, पडद्यावरून उशीच्या अभ्र्याला लागते. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या बाहीचा शर्ट घालून ऑफिसला गेलो तेव्हा माझ्या कोपरावर ‘हवा मोफत’ उलट्या अक्षरांत उमटलेलं होतं. साहेबांनी ते आरशात धरून वाचलं. घरातला पडदा पांढरा होता. (ओघात येईल म्हटलं होतं ते कारण हेच.)

त्यानंतर योग्य बाजूवर छापलेला फोटो मात्र इतका भडक आला की मी दोन पावलं मागे सरकलो. प्रिंटरच्या खिडकीत ‘फोटो आपोआप सुधारा’ अशी एक चौकट असते आणि तिच्यात खूण केलेली होती. तुमच्या पाटीला एक यंत्र सुधारणार, या विचारानं मला राग आला. मी तो कागद बाजूला टाकला. मागे तीन नंबर घातला होता (मागच्या बाजूवर छापलेला मी हिशेबात धरला नाही, आणि घरात त्याचा उल्लेखही करत नाही). तुमच्या भाचेसुनेनं तो उचलून चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये अंथरला. एवढंच म्हणाली, “कागद जाड आहे.”

यापुढचे तीन दिवस मी पडद्याशी भांडत होतो. कापडी नव्हे, कॉम्प्युटरच्या. त्यावर रंग अगदी बरोबर दिसायचा आणि कागदावर काळवंडून यायचा. शेवटी आमच्या ऑफिसातल्या मशिनी दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावलं. शांत गृहस्थ आहेत. आधी स्क्रीन बघितली, मग कागद. मग म्हणाले, “साहेब, तुम्ही कागद दिव्याशी ताडून बघताय.” स्क्रीन पूर्ण उजळ ठेवली की ती दिवाच असते, कागद कुठून तेवढा उजळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उजेड इतका खाली आणला की तुमच्या भाचेसुनेला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. पुढे त्यांना असंही सापडलं की रंग दोन ठिकाणी दुरुस्त होत होता, एकदा फोटोच्या प्रोग्राममध्ये आणि तोच पुन्हा प्रिंटरमध्ये. “एकाच भाजीत दोघं मीठ टाकतायत,” ते म्हणाले आणि त्यांनी एकाला गप्प केलं. मग त्यांनी एक चाचणीचा कागद काढला, त्यावर चार रंगांच्या रेघा येतात. गुलाबीच्या रेघा मध्येमध्ये तुटल्या होत्या. शाईचं तोंड वाळून बंद झालं होतं. ते साफ करता करता त्यांनी विचारलं, याआधी किती दिवस बंद होता हा प्रिंटर? मी म्हटलं, सात-आठ महिने. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखली, मामा. ब्रश न धुता ठेवणाऱ्याकडे तुम्ही त्याच नजरेनं बघायचात.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटलं. झालंही, पण फक्त आमच्या बाहेरच्या खोलीत. तिथे पिवळ्या बल्बखाली मला पसंत पडलेला फोटो सकाळी पंपशेठच्या दुकानासमोर धरला की पाटी वेगळी आणि फोटो वेगळा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी बल्बखाली कागद निरखत असताना तुमची भाचेसून जाता जाता म्हणाली, “मामांनी कधी दिव्याखाली रंग ठरवलेला पाहिलाय का?” पडद्यानंतरचं हे तिचं पहिलं मोठं वाक्य. मी बल्ब बंद केला. रविवारी मी तुमच्याकडे येऊन बसायचो ते मला आठवलं. तुम्ही डब्यात रंग ढवळून लाकडाच्या पट्टीवर एक बोट ओढायचात, ती पट्टी उंबऱ्याशी टेकवून ठेवायचात आणि उद्या बघू म्हणून चहाला बसायचात. गिऱ्हाईक घाई करायचं, हाच द्या, मस्त आहे. तुम्ही त्याला सांगायचात की ओला बघून हो म्हणू नका. मी हे पन्नासदा ऐकलंय आणि पन्नास वेळा तुमचा चहा पिऊन घरी आलोय. शाईचंही तसंच असतं हे मला आत्ता या वयात समजलं. ती रात्रभर वाळू द्यावी लागते, मगच ती काय आहे ते दिसतं.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला, पाटीवर सावली असताना, मी ऑफिसला जाता जाता पंपशेठच्या दुकानासमोर एक वाळलेला कागद धरून उभा राहू लागलो. मागे नंबर, खाली काय बदललं त्याची नोंद. (आवक-जावकचा माणूस दुसरं काय करणार?) पहिल्या दिवशी पंपशेठ म्हणाले, “काय हो, पाटीचा पासपोर्ट काढताय का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात तशीच सोडून ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हा जरा पिवळ्यात जातोय.” चौथ्या दिवशी, धुळीमुळे नीट समजत नाही म्हणून त्यांनी पाटी ओल्या फडक्यानं पुसली. पाचव्या दिवशी ते चष्मा लावून तयार होते. पोस्टमन रोज थांबून म्हणायचा, “लाल आहे ना? मग झालं की.” त्याला आम्ही दोघांनी मिळून हाकलायला सुरुवात केली.

एकतिसावा कागद जुळला. पाटीच्या कडेला कड लावून धरला तर कुठे पाटी संपते आणि कुठे कागद सुरू होतो ते सापडेना. पंपशेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. एक तारखेला चार दिवस होते. माझं काम संपलं होतं, आता पाटी उतरवायला हरकत नव्हती, म्हणून त्यांनी त्याच वेळी पाना काढला आणि आधी तो पत्र्याचा तुकडा सोडवायला घेतला.

तो तुकडा तुम्हाला आठवत असेल. ‘दुपारी १ ते ४ बंद.’ सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही पाटी रंगवून दिलीत आणि महिन्याच्या आत त्यांनी तो बरोबर तुमच्या ‘दुरुस्ती’च्या शेवटच्या वेलांटीवर ठोकला, ज्या वेलांटीचा फटकारा तुम्ही दोन दिवस खपून काढला होता. तुम्ही सहा महिने त्यांच्याशी बोलला नव्हता आणि चाकात हवा भरायला सायकल हातात धरून गावाच्या दुसऱ्या टोकाला जात होता. नट-बोल्ट गंजले होते. तेल सोडलं, पाना दोनदा घसरला, मग पत्रा निघाला.

खाली चार बोटं रुंद चौकोन होता आणि त्यात तुमचा लाल होता. मामा, मी त्याला उपमा शोधली, सापडली नाही. इतका वेळ ज्याला आम्ही लाल म्हणत होतो ते त्याच्याशेजारी फिकट, दमलेलं काहीतरी दिसायला लागलं. पंपशेठनी चौकोनावरून अंगठा फिरवला. मग एवढंच म्हणाले, “असा होता होय?” सव्वीस वर्षं ऊन रोज थोडाथोडा नेत होतं आणि रोज बघणाऱ्या कुणालाच ते कळलं नव्हतं. माझ्या हातातला एकतीस नंबर अगदी बिनचूक होता. पण तो उन्हानं केलेल्या रंगाशी बिनचूक होता, तुम्ही केलेल्या नव्हे.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तुमची भाचेसून उठली, ड्रॉवर ओढला, चमचे काढून ओट्यावर ठेवले आणि तीन नंबरचा कागद माझ्यापुढे धरला. “हा बघा,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सावलीत मी तो त्या चौकोनाशी धरला. तोच लाल. मी भडक म्हणून फेकलेला. (मशिनवाले म्हणतात हा निव्वळ योगायोग. मी वाद घातला नाही.) तसाच दुसरा छापायचा प्रयत्न केला, पण गुलाबी शाई संपली. तेव्हा जो आहे तो हाच, एका कोपऱ्यात चमच्याचा पुसट ठसा आहे तो चालवून घ्या.

मामा, या अठरा दिवसांत मी बऱ्याच जणांचा ऋणी झालो. मशिनवाल्यांचा, पडदा सोसणाऱ्या बायकोचा, पंपशेठचा, त्यांच्या त्या पत्र्याचासुद्धा. पण मुख्य म्हणजे तुमचा. रंग कसा बघायचा ते तुम्ही मला तेव्हाच शिकवून ठेवलं होतं, आणि मी ते तुमच्या ब्रशांसारखं फडक्यात बांधून ठेवलं होतं. तुमच्या एका कार्डानं ती गाठ सुटली. सोबत दोन्ही फोटो पाठवत आहे, एकतीस नंबरचा, पाटी आज आहे तशी, आणि तीन नंबरचा, तुम्ही केली होती तशी. बरोबर कोणता ते तुम्हीच ठरवा. ताईला नमस्कार सांगा आणि औषधं घ्या.

तुमचा,
भाचा

ता. क. लिहायचं राहिलं. पंपशेठनी फ्लेक्सवाल्याला नको म्हणून कळवलंय. म्हणाले, “पंधरा दिवस तुम्ही माझ्या पाटीकडे बघत होता, म्हणून मीपण बघितलं. आता उतरवायला हात होत नाही.” मात्र सगळी पाटी त्या चौकोनासारखी झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते हात लावू देणार नाहीत. शिडी स्वतः धरतील. पत्रा यापुढे शटरवर लागेल, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

ता. क. २. हात थरथरतो असं तुम्ही म्हणाल. ताई सांगते की तिच्या सुईत दोरा अजून तुम्हीच ओवता. ब्रश तिनं गेल्याच आठवड्यात माळ्यावरून काढलेत. तिला रागावू नका, मीच सांगितलं होतं.

ता. क. ३. पाकीट उलटंपालटं करून बघू नका, फोटो आत नाहीत. दोनदा घातले आणि दोनदा काढून घेतले. तुमच्या खोलीतल्या बल्बखाली ते चुकीचेच दिसले असते. ते सकाळी दहाला, सावलीत, पाटीशेजारी धरून बघायचे आहेत. जरा लवकर या. पत्रा निघाल्यापासून त्या चौकोनावर दुपारचं ऊन पडतं, आणि पंपशेठ एक ते चार दुकान बंद करून पाटीपुढे छत्री धरून बसतात. छत्री त्यांच्या बायकोची आहे, आणि तिनं ती परत मागितली आहे.